जुना वनप्लस ६ आणि त्यावरचे नवे अँड्रॉइड: लिनिएज ओएसचे परीक्षण

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ हे एकच वाक्य निदान पाच निरनिराळ्या कामांसाठी वापरले जाते. लोगोवर अडकलेल्या फोनमध्ये कंपनीचेच सॉफ्टवेअर पुन्हा भरणे, पॅटर्न विसरलेल्या फोनचे कुलूप काढणे, परदेशातून आणलेल्या फोनवर भारतीय आवृत्ती चढवणे, फोन रूट करणे (म्हणजे प्रणालीवर पूर्ण सत्ता मिळवणे) आणि कंपनीचे सॉफ्टवेअर काढून त्या जागी दुसरीच कार्यप्रणाली बसवणे, ही सगळी कामे त्यात मावतात. पाचही कामांत फोनला केबल जोडलेली असते आणि संगणकाच्या पडद्यावर टक्के वाढत जातात, त्यामुळे काउंटरसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ती सारखीच वाटतात. परिणाम मात्र फार वेगळे असतात. यांपैकी शेवटचे काम मी माझ्या जुन्या वनप्लस ६ वर करवून घेतले. त्यावर आता लिनिएज ओएस २२, म्हणजे अँड्रॉइड १५ वर आधारलेली, स्वयंसेवकांनी बांधलेली कार्यप्रणाली चालते. हे परीक्षण मुख्यतः त्या प्रणालीचे आहे, आणि थोडे त्या दुकानाच्या सेवेचेही.

वनप्लस ६ भारतात दाखल झाला तो मुंबईतच, मे २०१८ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममधील कार्यक्रमात. त्या वेळी त्यावर अँड्रॉइड ८.१ होते, कंपनीने तो अँड्रॉइड ११ पर्यंत नेला आणि पुढे लक्ष काढून घेतले. त्यातली स्नॅपड्रॅगन ८४५ ही चिप रोजच्या कामांना आजही अपुरी पडत नाही, बॅटरी बदलता येते आणि पडदा चांगला आहे. अडते ते सॉफ्टवेअरवर: सुरक्षेचे अद्ययावतीकरण थांबते आणि काही काळाने एकेक ॲप जुन्या आवृत्तीला नकार देऊ लागते. लिनिएज ओएस या दुखण्यावर उत्तम इलाज आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पण ‘कस्टम रॉम टाकला म्हणजे फोन सुरक्षित आणि खासगी झाला’ अशी जी समजूत दुकानांत आणि यूट्यूबवर सर्रास पसरवली जाते, तिला हा अनुभव अजिबात दुजोरा देत नाही.

फोन विकत घेताना त्यावर जे सॉफ्टवेअर असते त्याला स्टॉक रॉम म्हणतात. गुगल अँड्रॉइडचा मूळ सांगाडा ‘अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट’, म्हणजे एओएसपी, या नावाने खुला ठेवते आणि प्रत्येक कंपनी त्यावर आपला मुखडा, आपली सेटिंग्ज आणि आपली ॲप्स चढवते. या वरच्या थराला स्किन म्हणतात. सॅमसंगचे वन यूआय, शाओमीचे हायपर ओएस किंवा वनप्लसचे ऑक्सिजन ओएस ही फोनवर चालणारी सारी स्किन आहेत, त्यांच्या नावात ‘ओएस’ असो वा नसो. कस्टम रॉम म्हणजे त्याच एओएसपीपासून कंपनीबाहेरच्या मंडळींनी एका ठरावीक मॉडेलसाठी बांधलेली संपूर्ण प्रणाली. इथे ‘ठरावीक मॉडेल’ हे शब्द शब्दशः घ्यायला हवेत. वनप्लस ६ चे सांकेतिक नाव ‘एन्चिलाडा’ आणि ६टी चे ‘फजिता’ (मेक्सिकन खाद्यपदार्थांची ही नावे कुणाला सुचली असतील ते असो). दिसायला आणि आतून भावंडे असलेल्या या दोन फोनांच्या फाइली एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून काउंटरवर ‘वनप्लसचा लिनिएज आहे का?’ असे न विचारता सांकेतिक नावासह विचारावे. समोरच्याला ते नाव ठाऊक असेल, तर तो या कामात मुरलेला आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरा फरक ऑफिशियल आणि अनऑफिशियल बिल्डचा. बिल्ड म्हणजे फोनवर चढवण्याजोगी, बांधून तयार झालेली फाइल. लिनिएजच्या यादीत ज्या मॉडेलचे नाव आहे, त्याची जबाबदारी एखाद्या स्वयंसेवकाने स्वीकारलेली असते. त्याला मेंटेनर म्हणतात. त्या मॉडेलची फाइल प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवर तयार होते, तिच्यावर प्रकल्पाची डिजिटल स्वाक्षरी असते आणि पुढची अद्ययावत आवृत्ती फोनच्या सेटिंग्जमधूनच उतरवता येते. अनऑफिशियल बिल्ड कुणीही आपल्या घरच्या संगणकावर बांधून टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकू शकतो. अशी बिल्डे वाईटच असतात असे नाही. काही तर ऑफिशियलपेक्षा आधी नव्या अँड्रॉइडवर पोहोचतात. पण त्यात काय घातले आहे हे बांधणाऱ्याखेरीज कुणाला माहीत नसते, आणि त्याची परीक्षा आली किंवा नोकरी लागली की फोन पुन्हा वाऱ्यावर. मी ज्या पहिल्या दुकानात विचारणा केली, तिथला मुलगा मला असेच एक बिल्ड ‘यात गेमिंग एकदम मक्खन’ म्हणून देऊ करत होता. मी तिथून निघालो.

लिनिएजच्या पूर्वजाची आठवण आपल्याकडे बऱ्याच जणांना असेल. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेले सायनोजेनमॉड हे एके काळी कस्टम रॉमचेच दुसरे नाव होते. पुढे त्याची कंपनी झाली आणि २०१४ मध्ये वनप्लस वन हा फोन सायनोजेन ओएस घेऊनच विक्रीस आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायक्रोमॅक्सने आपल्या ‘यू’ या नाममुद्रेसाठी भारतापुरता सायनोजेनचा एकाधिकार असल्याचा दावा करत दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि वनप्लसच्या विक्रीवर काही काळ बंदीही आली. मोबाइलच्या कार्यप्रणालीवरून आपल्याकडे न्यायालयात भांडण व्हावे, हे त्या काळात नवलाचेच होते. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेन कंपनीने सेवा बंद केल्या, आणि खुला असलेला सोर्स कोड घेऊन त्याच कार्यकर्त्यांनी लिनिएज ओएस उभे केले. एका प्रकल्पाचा कोड घेऊन दुसरी स्वतंत्र वाट धरण्याला फोर्क म्हणतात. या अर्थाने लिनिएज सायनोजेनमॉडचा फोर्क आहे आणि ॲमेझॉनचे फायर ओएस हा अँड्रॉइडचा. कंपनी बुडूनही प्रणाली जगली, याचे श्रेय खुल्या परवान्याला आहे, आणि लिनिएजच्या बाजूने बोलताना मला ही गोष्ट कॅमेऱ्यापेक्षा किंवा वेगापेक्षा मोठी वाटते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. हे घरी करता येते, आणि ज्याच्याकडे लॅपटॉप, चांगली केबल आणि निवांत वेळ आहे त्याने ते घरीच करावे. मी दुकान निवडले ते बॅटरीही बदलायची होती म्हणून. ग्रँट रोड स्थानकाकडून चालत येताना लागणाऱ्या एका गाळ्यात हे काम झाले. कारागिराने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘साहेब, लिनिएज मारायचंय की ऑक्सिजनच परत पाहिजे?’’ आणि लगेच पुढे, ‘‘डेटा सगळा उडणार, आणि यूपीआयची गॅरंटी नाही. आत्ताच सांगतो, नंतर भांडण नको.’’ या दोन वाक्यांसाठी मी त्याला पूर्ण गुण देतो, कारण या व्यवहारातली बहुतेक भांडणे याच दोन गोष्टींवरून होतात.

पहिली पायरी बूटलोडर अनलॉक करण्याची. फोन चालू होताना सर्वांत आधी जो छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि पुढची प्रणाली खरी आहे की नाही हे तपासून तिला सुरू करतो, तो बूटलोडर. तो लॉक असेपर्यंत कंपनीची सही नसलेले काहीही चालत नाही. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडायचे, त्यात ओईएम अनलॉकिंगला परवानगी द्यायची, फोन फास्टबूट या, संगणकाच्या आज्ञा ऐकणाऱ्या अवस्थेत न्यायचा आणि संगणकावरून आज्ञा द्यायची. वनप्लसचे जुने फोन या बाबतीत सरळ आहेत. आज्ञा दिली की अनलॉक होतात आणि त्याच क्षणी आतला सगळा डेटा पुसला जातो. शाओमीच्या फोनांत कंपनीच्या खात्याशी फोन जोडून ठरावीक दिवस थांबावे लागते, मोटोरोला आपल्या संकेतस्थळावरून कोड देते, आणि हुआवेने तर २०१८ पासून कोड देणेच बंद केले. त्यामुळे ‘या फोनवर कस्टम रॉम चालेल का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा चिपमध्ये किंवा रॅममध्ये नसून कंपनीच्या मर्जीत असते.

दुसऱ्या पायरीवर मला त्या कारागिराचे काम मनापासून आवडले. वनप्लस ६ मध्ये प्रणालीसाठी ए आणि बी असे दोन कप्पे असतात, ज्यांना स्लॉट म्हणतात. एका कप्प्यातून फोन चालत असताना दुसऱ्यात नवी आवृत्ती भरली जाते. या दोहोंपैकी एका कप्प्यात जुने फर्मवेअर, म्हणजे फोनचे भाग चालवणारे तळाचे सॉफ्टवेअर, राहून गेले आणि फोन नेमका त्यातून सुरू झाला, तर तो कायमचा बंद पडू शकतो. या प्रकाराला हार्ड ब्रिक म्हणतात. नुसते लोगोवर अडकणे किंवा पुन्हापुन्हा सुरू होत राहणे याला सॉफ्ट ब्रिक किंवा बूटलूप म्हणतात आणि ते सहसा दुरुस्त होते. कारागिराने आधी फोनवर कंपनीचे शेवटचे अँड्रॉइड ११ आहे याची खात्री केली, मग लिनिएजची रिकव्हरी, म्हणजे प्रणाली बसवण्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम, चढवली, आणि मुख्य फाइल भरण्यापूर्वी दोन्ही कप्पे सारखे करणारी एक छोटी फाइल भरली. घाईची दुकाने ही पायरी गाळतात. त्यानंतर रिकव्हरीतून मुख्य फाइल पाठवली, तेव्हा संगणकावरचा आकडा ४७ टक्क्यांवर येऊन थांबला आणि खाली काहीतरी चुकल्याची सूचना असावी असे काहीतरी उमटले. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने ‘गेला बहुतेक’ असा अभिप्राय दिला. वास्तविक या पद्धतीत काम पूर्ण होऊनही आकडा कधी कधी ४७ टक्क्यांवर थांबतो, आणि लिनिएजच्या मार्गदर्शिकेत तसे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही तिथे घाबरून केबल उपटणारे कमी नसतील.

तिसरी पायरी निर्णयाची असते: जीॲप्स, म्हणजे गुगलच्या ॲप्सचे पुडके, घालायचे की नाही? लिनिएजमध्ये गुगलचे काहीच नसते. प्ले स्टोअर नाही, नकाशे नाहीत, इतर ॲप्सना पडद्यामागून आधार देणाऱ्या प्ले सर्व्हिसेस नाहीत. याचे मूळ २००९ मध्ये आहे. त्या वर्षी गुगलने सायनोजेनमॉडला कायदेशीर नोटीस देऊन आपली बंदिस्त ॲप्स त्यात वाटण्यास मनाई केली, आणि तेव्हापासून ती वेगळ्या पुडक्यातून वापरकर्त्याने स्वतः घालायची असा प्रघात पडला. हे पुडके पहिल्यांदा फोन सुरू करण्यापूर्वीच घालावे लागते; एकदा प्रणाली सुरू झाली आणि मग आठवण झाली, तर पुन्हा सगळे पुसून नव्याने बसवावे लागते. मी आधी जीॲप्सविना काही काळ काढला आणि नंतर ते घातले, त्यामुळे दोन्ही बाजू सांगता येतील.

जीॲप्सविना फोन विलक्षण शांत असतो. बॅटरी रात्रभरात जेमतेम उतरते, सूचनांचा मारा थांबतो, आणि एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप-भांडारातून नोंदवही, नकाशे, वाचनाची ॲप्स सहज मिळतात. अडचण सुरू होते ती घराबाहेर पडल्यावर. गुगलच्या सेवा नसल्या की आसपासच्या वाय-फाय आणि मोबाइल टॉवरवरून जागा ओळखण्याची सोय जाते. फोनला फक्त उपग्रहांचा आधार उरतो. रेल्वेचे लोकल तिकिटाचे ॲप तिकीट देण्याआधी आपली जागा तपासते, आणि दादरला पुलाखालच्या गर्दीत, छपराखाली उभे राहून उपग्रह शोधत बसणे म्हणजे हातची गाडी सोडणे. मोकळ्या जागी आले की जागा सापडते, पण तोवर खिडकीवरची रांग पुढे सरकलेली असते. काही ॲप्स तर प्ले सर्व्हिसेस नाहीत म्हणून उघडतच नाहीत. त्यावर मायक्रोजी नावाचा मधला मार्ग आहे, जो गुगलच्या सेवांची खुली नक्कल पुरवतो. आवड असणाऱ्याने तो जरूर करून पाहावा. मला माझ्या कामांसाठी शेवटी जीॲप्सचे लहानात लहान पुडकेच सोयीचे पडले.

रोजच्या वापरात लिनिएज हे जवळजवळ कोरे अँड्रॉइड आहे, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. जाहिराती नाहीत, काढता न येणारी ॲप्स नाहीत. सोबत येणारी मोजकी ॲप्स नीटस आहेत: ॲपर्चर हा कॅमेरा, ग्लिम्प्स ही छायाचित्रांची गॅलरी, इटार हे कॅलेंडर. पिन टाकताना आकड्यांच्या जागा दर वेळी बदलून दाखवण्याची सोय आहे. विरार लोकलमध्ये खांद्यावरून डोकावणाऱ्या नजरांसमोर फोन उघडणाऱ्याला ती पटेल. कॅमेऱ्यात मात्र नुकसान आहे. वनप्लसचा स्वतःचा कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरबरोबर जातो आणि ॲपर्चर कितीही सुबक असला तरी रात्रीच्या फोटोंत तो कमी पडतो. फोनवरचे बोलणे व्होएलटीईवर, म्हणजे ४जीच्या जाळ्यावरून, व्यवस्थित चालते. ही बाब किरकोळ नाही, कारण जिओच्या जाळ्यात २जी-३जी मुळातच नाही आणि ज्या रॉममध्ये व्होएलटीई नीट बसलेले नसते त्यात जिओच्या सिमवरून साधा फोनही लागत नाही. अनऑफिशियल बिल्ड घेणाऱ्याने सर्वांत आधी हेच तपासावे.

मराठीचे म्हणाल तर सेटिंग्ज बहुतांशी मराठीत येतात, कारण एओएसपीतच मराठी आहे. लिनिएजने स्वतः भर घातलेल्या काही जागी इंग्रजी डोकावते. सोबतच्या कीबोर्डमध्ये मराठी मांडणी आहे, पण रोमन अक्षरे टाकून देवनागरी उमटवण्याची सोय नाही, त्यामुळे तसे लिहिण्याची सवय असलेल्यांना दुसरा कीबोर्ड घ्यावा लागेल.

आता पैशाच्या व्यवहाराचे. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत जिथे तिथे क्यूआर कोड लागलेला असताना यूपीआय न चालणारा फोन हा दुय्यमच फोन राहतो. यूपीआय ॲप सिममधून एसएमएस पाठवून फोन आणि क्रमांक यांची गाठ बांधते. ती पायरी लिनिएजवर विनासायास पार पडते. त्यानंतर अनेक ॲप्स गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या यंत्रणेला विचारतात की हा फोन विश्वासार्ह आहे का. तिच्या उत्तराच्या तीन पातळ्या असतात, बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग. बूटलोडर अनलॉक असलेल्या फोनला वरच्या पातळ्या प्रामाणिक मार्गाने मिळत नाहीत. प्रत्येक बँक कोणती पातळी मागायची हे स्वतः ठरवते, आणि ते कधीही बदलू शकते. माझ्या बाबतीत एका पैसे देण्याच्या ॲपने काहीही न विचारता काम केले, तर माझ्या बँकेच्या ॲपने ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ असा एक ओळीचा निरोप दाखवून दार लावून घेतले. फोन रूट करून, वर मुखवटे चढवून ही तपासणी चुकवण्याचे उपाय दुकानांत मिळतात. मी ते घेतले नाहीत आणि इतरांनी घ्यावेत असेही सुचवणार नाही: रूट म्हणजे प्रणालीवर पूर्ण सत्ता देणारा अधिकार, आणि तो अधिकार अशा फटीतून आलेल्या साधनाच्या हाती देऊन त्याच फोनवर बँकेचे खाते चालवणे हा उलटा व्यवहार आहे. कस्टम रॉम आणि रूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनिएज रूटविनाच येते, आणि ते तसेच राहू द्यावे.

बँकेचा राग बाजूला ठेवून पाहिले तर तिची शंका अगदीच निराधार नाही, आणि याचा पुरावा लिनिएज स्वतःच देते. सेटिंग्जमध्ये ट्रस्ट नावाचे एक पान आहे. त्यावर सुरक्षेच्या दोन वेगळ्या तारखा दिसतात: एक प्लॅटफॉर्मची आणि दुसरी व्हेंडरची. माझ्या फोनवर पहिली ताजी आहे, कारण अँड्रॉइडच्या वरच्या भागातल्या त्रुटी लिनिएजचे लोक नियमितपणे बुजवतात. दुसरी मात्र वनप्लसने हात आखडता घेतला त्या काळातलीच आहे. मॉडेम, कॅमेरा, ग्राफिक्स यांची बंदिस्त चालक-सॉफ्टवेअर चिप बनवणाऱ्या आणि फोन बनवणाऱ्या कंपनीकडूनच येतात. ती दुरुस्त करणे स्वयंसेवकांच्या हाती नसते. चाळीतल्या खोलीला नवी फरशी आणि नवा रंग दिला तरी इमारतीची पाण्याची लाइन जुनीच राहते, तसे हे आहे. लिनिएजने ही गोष्ट लपवून न ठेवता पडद्यावर मांडली, याबद्दल मला या प्रकल्पाचा आदर वाटतो. हे पान किती दुकानदार गिऱ्हाइकाला दाखवतात?

भरीला बूटलोडर उघडा. फोन सुरू करताना दर वेळी काळ्या पडद्यावर इंग्रजीत इशारा येतो की बूटलोडर अनलॉक असल्याने सॉफ्टवेअरच्या अस्सलपणाची खात्री देता येत नाही, आणि तो काही सेकंद तसाच राहतो. फोन हरवला तर आतला डेटा पिनच्या आधाराने कूटबद्ध असतो, तो लगेच कुणाला वाचता येणार नाही. पण फोन काही वेळ दुसऱ्याच्या हातात राहिला, तर त्यावर फेरफार केलेली प्रणाली चढवून तो परत मिळू शकतो आणि ते तपासणारा पहारेकरीच नसतो. बूटलोडर पुन्हा लॉक करावा असे अनेकांच्या मनात येते. बहुतेक फोनांवर लिनिएज असताना तसे केले तर फोन सुरूच होत नाही.

इथे ‘डी-गुगल्ड’ (म्हणजे गुगलपासून मोकळा) आणि ‘सुरक्षित’ या दोन शब्दांची गल्लत सोडवावी लागते, कारण जाहिरातींत ते जोडीने येतात. मँड्रेक लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीचे जनक गाएल द्युवाल यांनी उभे केलेले ई ओएस लिनिएजवरच बांधलेले आहे आणि त्यात मायक्रोजी आधीपासून घातलेले असते. गुगलकडे जाणारी माहिती तोडणे हा त्याचा हेतू आहे. ग्राफीन ओएसचा भर वेगळा आहे. ते फक्त गुगलच्याच पिक्सेल फोनांवर चालते (यातली गंमत सगळ्यांनाच कळते), बसवल्यानंतर बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो, आणि प्ले सर्व्हिसेस हव्या असतील तर त्या विशेष अधिकारांविना, साध्या ॲपसारख्या कोंडून चालवता येतात. कंपनीने एखाद्या मॉडेलची अद्ययावतीकरणे थांबवली की ग्राफीनही त्याला पूर्ण पाठिंबा देणे थांबवते, कारण व्हेंडरची तारीख जुनी झालेला फोन सुरक्षित म्हणून मिरवायला ते तयार नसते. थोडक्यात, लिनिएज जुन्या फोनला आयुष्य देते, ई ओएस गुगलपासून अंतर देते आणि ग्राफीन कडेकोट बंदोबस्त देते. तिन्हींना काउंटरवर ‘प्रायव्हसीवाला रॉम’ म्हटले जाते, आणि गिऱ्हाइकाची फसगत तिथेच होते.

अँड्रॉइड नसलेल्या पर्यायांचा उल्लेख उरकून घेतो. उबुंटू टच हे ते काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये सोडले आणि यूबीपोर्ट्स या समुदायाने सांभाळले. पोस्टमार्केट ओएस हे अल्पाइन लिनक्सवर आधारलेले आहे आणि वनप्लस ६ हा त्याच्या आवडत्या फोनांपैकी एक. अशा प्रणालींना लिनक्स फोन म्हणतात, अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच असला तरी. हौसेसाठी उत्तम, रोजच्या फोनसाठी नाही.

भारतात मात्र असे पर्याय दुकानात विकायला आलेले आपण पाहिले आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स फायरफॉक्स ओएस घेऊन १,९९९ रुपयांत आला, जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने टायझन प्रणालीवरचा झेड१ इथेच ५,७०० रुपयांना आणला, २०१६ मध्ये सेलफिश ही प्रणाली चालवणारा इंटेक्स ॲक्वा फिश आला. सगळे ॲप्सच्या अभावी मावळले. फायरफॉक्स ओएसचा वारस काय ओएस तेवढा २०१७ मध्ये जिओफोनवर बसून घरोघरी पोहोचला, आणि वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचे नावही माहीत नव्हते. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या इंडस ओएसने २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनवर भारतीय भाषांची चांगली सोय केली होती. तेही अँड्रॉइडवरच बांधलेले होते. जानेवारी २०२३ मध्ये गाजलेले भारओएस हेही अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरचेच. ‘स्वदेशी कार्यप्रणाली’ या शब्दांचा प्रभाव मोठा असतो, पण गिऱ्हाइकाने विचारायचे प्रश्न तेच राहतात: बूटलोडर कोणाच्या हाती, व्हेंडरची तारीख कोणती, आणि बँकेचे ॲप चालते का? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्या आदेशात फोन कंपन्यांना अँड्रॉइडचे फोर्क वापरण्यापासून रोखू नये असेही बजावले होते. वाट मोकळी झाली. त्या वाटेने कुठल्या मोठ्या कंपनीचा फोन मात्र माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही.

दुकानाच्या सेवेला मी पाचपैकी चार देईन. बॅटरी आणि सॉफ्टवेअर मिळून झालेला खर्च नव्या साध्या फोनच्या किमतीच्या मानाने नगण्य होता, आणि कारागिराला आपले काम कळत होते. एक गुण कापला तो बिलासाठी: त्यावर नुसते ‘सॉफ्टवेअर’ लिहिले होते. मी सांगितल्यावर त्याने बिल्डचे नाव, तारीख आणि जीॲप्सचे पुडके मागच्या बाजूला लिहून दिले. हे न मागता मिळायला हवे, कारण पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानात काम करायचे झाले तर तोच एक दस्तऐवज असतो.

लिनिएज ओएस कुणी घ्यावे, तर ज्याच्याकडे यादीत असलेला जुना पण धडधाकट फोन आहे आणि बँकेची कामे करायला दुसरा फोन आहे त्याने जरूर घ्यावे. घरातल्या ज्येष्ठांच्या एकमेव फोनवर ते बसवू नये. ज्याला खरोखर सुरक्षेची चिंता आहे त्याने जुन्या फोनवर पैसे न घालता अद्ययावतीकरण चालू असलेला पिक्सेल आणि ग्राफीन यांचा विचार करावा. पिक्सेल ८ पासून गुगलने ७ वर्षांच्या अद्ययावतीकरणांची हमी दिली आहे, त्यामुळे वापरलेला फोनही पुरेसा चालतो. मुंबईच्या बाजारात अमेरिकेहून आलेले वापरलेले पिक्सेल स्वस्तात मिळतात, पण त्यांतले काही तिथल्या मोबाइल कंपनीशी बांधलेले असतात आणि त्यांचा बूटलोडर कधीच उघडत नाही. पैसे देण्यापूर्वी फोन रीसेट करून वाय-फायला जोडावा, डेव्हलपर पर्यायांत जाऊन ओईएम अनलॉकिंगचे बटण सरकवून पाहावे, आणि इंटरनेट असूनही ते धूसर राहिले तर त्या कामासाठी तो फोन घेऊ नये.